पुठ्ठ्यातली शिवी

वहिनी तिसऱ्या मजल्यावर असल्या की बाइंडर तळघरातून हलायचा नाही, आणि बाइंडर कधी वर आलाच तर वहिनी चष्मा मिटून उठायच्या. दप्तरखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं. अकरा वर्षं असंच चाललेलं. आणि परकी माणसं नव्हेत बरं का, वहिनी म्हणजे बाइंडरच्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको!

बोलणं काय ते चिठ्ठीवर. वाचायला जुनं बाड हवं असलं की एक पिवळी चिठ्ठी भरायची असते, ती सामानाच्या छोट्या लिफ्टमधून खाली येते. वहिनींची चिठ्ठी यायची, "बाड क्रमांक एकसष्ट पाठवावे. कृपया हात धुऊन हाताळावे." खाली लफ्फेदार सही. बाइंडर तीच चिठ्ठी पालथी घालून लिहायचा, "पाठवले आहे. कृपया पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये." आणि आपली सही ठोकायचा. शाळा सातवीपर्यंतच, पण सही अशी करायचा की कागदाला पलीकडून फोड यावा.

मधल्या मध्ये दादाचे हाल. एकाकडे दुसऱ्याचं नाव काढलं की ताट सरकवलं जायचं. शेवटी त्यानं हवापाण्यावर बोलायला सुरुवात केली. आभाळाविषयी इतकं बोलणारा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता.

आता भांडणाचं मूळ सांगतो.

वहिनी फ्रेंचच्या प्राध्यापक. आज बोलतात ती फ्रेंच शिकवणाऱ्या नव्हेत. ही भाषा तीनशे-चारशे वर्षांपूर्वी कशी होती आणि कशी बदलत इथवर आली, ते जुन्या कागदांवरून हुडकून काढायचं, हे त्यांचं काम. त्यात एक मोठी गोची असते. मेलेला माणूस तर बोलत नाही. उरतो कागद, आणि कागदावर माणसाच्या तोंडचं कुठं येतं? कारकुनाचं येतं. खरेदीखत घ्या, मृत्युपत्र घ्या, सगळीकडे तोच सरकारी सूर. शंभर वर्षांत बाहेर लोकांची जीभ बदलली तरी कारकून आपला आजोबांच्या भाषेत लिहीत बसलेला.

वहिनींनी त्यातून वाट काढली ती शिव्यांची. एका फ्रेंच गावाच्या कोर्टाची एकशेचाळीस बाडं कधीकाळी दप्तरखान्यात येऊन पडली होती, नुसत्या बदनामीच्या खटल्यांची. अमक्यानं तमक्याला भर बाजारात शिवी दिली, गेले कोर्टात. आता शिवीचा खटला म्हटल्यावर शिवी जशीच्या तशी लिहायलाच हवी, नाहीतर शिक्षा कशाला देणार? "बाकी सगळं कारकुनाचं, शिवी मात्र माणसाची," असं वहिनी भाषणात म्हणायच्या आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्यांनी दोनशे वर्षांच्या शिव्या गोळा केल्या. त्यातून असं दिसलं की एका ठरावीक दहा वर्षांत सगळ्या गावाच्या शिव्या पालटल्या. शब्द नवे, ठेवण नवी. म्हणजे एका पिढीत बोली फिरली. या एका गोष्टीवर त्यांचं नाव झालं. एका मासेवालीनं पाववाल्याला दिलेली शिवी तर त्यांनी मोठी करून, चौकट करून दिवाणखान्यात टांगली होती.

आणि बाइंडर? तो त्या बाडांचा डॉक्टर. उसवलेली शिवण घाल, फाटलेलं पान सांध, खळ कर, पुठ्ठा बदल. त्याच्या उस्तादानं शिकवलेलं, बाड शिवून झालं की कटिंग मशीनखाली घालायचं आणि तिन्ही कडा साफ करायच्या. काम नवरीसारखं दिसलं पाहिजे. त्यानं अडतीस बाडांच्या कडा अशा बोटबोटभर साफ केल्या. बाकीच्यांच्या कडा उस्तादाच्या काळातच गेल्या होत्या. अडतिसाव्याला वहिनींच्या लक्षात आलं की मोकळ्या कडेला काहीतरी शाईचं होतं, ते गेलं. थेट साहेबांकडे लेखी तक्रार. चौकशी बसली. घरचा दीर, निदान आधी घरात विचारायचं! बाइंडरच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांनी विचारलं, कापलेल्या पट्ट्या कुठायत? बाइंडर म्हणाला, "जाळल्या." तसंच लिहूनही दिलं. दुसऱ्या मजल्यावरचं उजेडाचं दालन गेलं, तळघर आलं.

जाळल्या वगैरे काही नव्हत्या. जुन्या कागदाला ठिगळ जुन्याच कागदाचं लागतं, असली चीज बाइंडर कशाला जाळेल? बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, बाडवार जुड्या करून, दोरा बांधून ठेवल्या होत्या. पण जिच्यामुळं अब्रू गेली तिला मिळू द्यायच्या नाहीत. अकरा वर्षं त्यानं त्यातली एक पट्टी वापरली नाही, की कुणाला डबा दाखवला नाही.

तर यंदा काय झालं, वहिनींचं मोठं पुस्तक सोमवारी छपाईला जाणार होतं. आणि त्याच सोमवारी बसणाऱ्या दप्तरखान्याच्या कमिटीला त्यांनीच अहवाल दिला होता की सगळ्या बाडांचे मशीनवर फोटो काढावेत, मूळ कागद खोक्यांत बंद करावेत, आणि दुरुस्तीची खोली महिनाअखेरीस बंद करावी. बाइंडरच्या नोकरीची सहा वर्षं बाकी. त्याला जावक विभागात पाकिटं चिकटवायला बसवणार होते. चाळीस वर्षांचा हात, आणि पाकिटं! अहवालाची प्रत त्यानं खळीच्या पातेल्याखाली घालून ठेवली होती, टेबल खराब होऊ नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी त्यानं चौऱ्याण्णव नंबरचं बाड काढलं. वर पाइप गळून पुठ्ठा भिजला होता. पूर्वीचे पुठ्ठे म्हणजे एकसंध नसत. रद्दी कागद एकावर एक चिकटवून, दाबून केलेले. याचा वरचा थर ओलीनं सुटत आला होता. बाइंडरनं हाडाची पट्टी आत सरकवली, श्वास धरून कागद उचलला, काचेवर पसरला.

त्यावर वर तारीख आणि थोडा मजकूर, खाली नऊ ओळी होत्या, आणि प्रत्येकीच्या आधी गोलात एक आकडा.

बाइंडरला फ्रेंच येत नव्हती, अक्षर न् अक्षर परकं. पण सातव्या ओळीवर त्याचा हात थांबला. आई दादाकडे असायची, ती जाईपर्यंत दर रविवारी तो तिच्याजवळ तासभर बसायचा, आणि वहिनींशी बोलायचं नाही म्हणून समोरच्या भिंतीकडे बघायचा. भिंतीवर मासेवालीची शिवी. तिची वळणं त्याला जिना उतरल्यासारखी पाठ होती. तीच ओळ इथं होती, पण मध्ये एक जागा कोरी सोडलेली.

कोरी जागा! दप्तरखान्यात जन्म काढलेल्या माणसाला कोऱ्या जागेचा अर्थ सांगावा लागत नाही. रजेचा अर्ज तसाच असतो. नाव भरा, तारीख भरा.

"अगं बाई," बाइंडर मोठ्यानं म्हणाला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. सापडली! बारा वर्षांचं पुस्तक आणि खाली हे बूड! सोमवारी कमिटीसमोर हा कागद नुसता ठेवला की झालं.

मग त्याची नजर परत गोलातल्या आकड्यांवर गेली आणि हसू विरलं. असे गोल त्यानं पाहिले होते. त्यानं पायरीसारखं स्टूल लावून माळ्यावरचा डबा काढला, एक जुडी सोडली. प्रत्येक पट्टीवर, खटल्यागणिक, गोलात एक आकडा. तीन. सात. सात. एक. सात.

म्हणजे हा पुरावा अकरा वर्षं त्याच्याच माळ्यावर पडून होता. खळ थंड झाली. शेवटी त्यानं डबा टेबलाखाली पायाशी ठेवला आणि चिठ्ठी लिहिली, "खाली यावे. कागद ओला आहे, वर येणार नाही."

वहिनी आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दारातच थांबल्या, नाकाला पदर लावला.

"काय कापलंत आता?"

"या, बसा म्हणणार होतो, पण बसायला स्टूल एकच आहे आणि त्यावर मी बसतो," बाइंडर म्हणाला. "काचेवर बघा. बोट लावू नका."

"मला कागद कसा बघायचा ते तुमच्याकडून शिकायचंय अजून." त्यांनी चष्मा चढवला, वाकल्या. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग वरची तारीख परत वाचली. बाइंडरला त्यांच्या मानेची एक शीर उडताना दिसत होती.

"काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझ्या टेबलावर आहे म्हणून विचारलं."

"'यापुढे बदनामीच्या दाव्यात शिवी खालील नमुन्याप्रमाणे लिहावी,'" वहिनी सपाट आवाजात म्हणाल्या. "'तू चोर, तुझा बाप चोर, तुझ्या...' इथं धंदा भरायचा... 'तुझ्या दुकानाची वीटसुद्धा चोरीची.'" त्या थांबल्या. "मासेवाली असं बोललीच नव्हती. कोर्टानं ठरीव... नमुना काढला, आणि सगळं गाव त्या वर्षापासून तसंच शिव्या देतंय, कागदावर."

"म्हणजे बोली फिरली नाही."

"नाही. कचेरीचं परिपत्रक फिरलं." त्यांनी चष्मा काढला. "कुणाला दाखवलंत हे?"

"कुणाला दाखवू? इथं मी आणि उंदीर. उंदरांना फ्रेंच येत नाही."

"चिकटवा परत."

बाइंडरला वाटलं, कानात काहीतरी गेलं. "काय म्हणालात?"

"ऐकलंत तुम्ही. ओलं आहे तोवर चिकटेल. पुढच्या महिन्यात हे सगळं खोक्यात बंद होणार आहे. चिकटवा."

बाइंडर हळूच उठला. पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, त्यांच्यासमोर ठेवलं, वर पेन आडवं ठेवलं.

"लिहून द्या."

"भावजी..."

"हात धुवा म्हणून लिहून देता, खळ कमी लावा म्हणून लिहून देता. हेही द्या. मी अडाणीपणानं कडा कापल्या तर मला या बिळात घातलंत. आता जाणूनबुजून कागद गाडायला सांगताय, तर खाली तुमची ती जिलबीसारखी सही पाहिजे मला."

"तुम्हाला मजा येतेय."

"खूप येतेय. लिहा."

वहिनींनी पेन उचललं. रागानं उचललं, आणि लिहिलंही, "बाड क्रमांक चौऱ्याण्णव". तिथं हात अडला. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणातली वाक्यं लिहून घेतली तिला आपलं एक वाक्य पुरं होईना. पेन कागदावर तसंच टेकलेलं, शाईचा ठिपका पसरत चाललेला. त्या काचेवरच्या कागदाकडे बघत होत्या, ओळींकडे नाही, आकड्यांकडे.

"हे गोल," त्या म्हणाल्या. "नमुना क्रमांक. म्हणजे कारकून कोणता नमुना वापरला ते खटल्याशेजारी टाकत असणार. कडेला." त्या सरळ झाल्या. "तुम्ही कापलंत तिथं काय होतं, भावजी?"

आता इथं बाइंडर गप्प बसला असता तर जगात कुणाला काही कळलं नसतं. चौकशीच्या कागदावर तर लिहिलेलंच होतं, जाळल्या. पायाच्या अंगठ्यानं डबा अजून थोडा आत सारता आला असता. त्यानं तो सारलाही, चार बोटं. पण समोर ती अर्धी चिठ्ठी पडली होती. ही बाई, जी त्याला पाण्यात पाहते, ती जळत असूनही पुढचा शब्द लिहीत नव्हती. बाइंडरला हे अजिबात आवडलं नाही. लिहिला असता तर किती सोपं गेलं असतं!

तो वाकला, डबा काढला आणि टेबलावर आपटला.

"गोलच होते," तो म्हणाला. "घ्या. अडतीस बाडं, अडतीस जुड्या."

वहिनींनी झाकण उघडलं. वरची जुडी उचलली. 

"जाळल्या म्हणालात तुम्ही."

"म्हणालो."

"साहेबांसमोर. लेखी."

"लेखी."

"अकरा वर्षं! मी त्याच शाईच्या खुणांसाठी तक्रार केली होती! हे तेव्हा मिळालं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं मला. अख्खी हयात घातली मी या नमुन्यांवर, आणि तुम्ही खाली यावर बसून होतात? माणूस आहात की काय आहात? खुनशी, काळ्या मनाचा, विषाची पुडी! आई शेवटपर्यंत म्हणायच्या, धाकटा भोळा आहे. भोळा!"

"आईला मध्ये आणू नका! आधी घरात विचारलं असतंत तर त्याच दिवशी डबा तुमच्या दारात आणून ठेवला असता. पण नाही, तुम्हाला अर्ज करायचा होता! नाकानं कांदे सोलायचे होते! आणि खरेपणाचं मला शिकवू नका. पाच मिनिटांपूर्वी काय सांगत होतात? चिकटवा, चिकटवा!"

"सांगत होते! लिहिलं नाही!"

"ते बघितलं मी. म्हणून तर डबा काढला, नाहीतर कशाला काढतोय!"

दोघं धापा टाकत उभी. जिन्यात वरून कुणीतरी डोकावलं आणि लगेच गेलं.

बाइंडरनं पुठ्ठ्याला बोट लावून पाहिलं. "खाली अजून थर आहेत," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "पाच तरी. रद्दीच आहे, पण हातानं लिहिलेली. घाईचं अक्षर दिसतंय, खाडाखोड केलेली. आत्ता सुटतील. उद्या सुकला की दगड होईल, मग मीच काय, माझा उस्ताद आला तरी सुटणार नाही."

"खाडाखोड?"

"हो."

वहिनींनी चष्मा परत चढवला. मग पेन उचललं आणि त्याच अर्ध्या चिठ्ठीवर पुढं लिहिलं, "च्या पुठ्ठ्याचे सर्व थर सोडवावेत. आजच." सही केली. नेहमीसारखी लफ्फेदार नव्हती.

"फाडलंत तर याद राखा," त्या म्हणाल्या.

"दिव्यासमोरून बाजूला व्हा," बाइंडर म्हणाला.

संध्याकाळपर्यंत चार थर निघाले, एक गेला. गेला तो गेला, त्यावर वहिनी पंधरा मिनिटं बोलल्या. पण जे निघालं ते बघून त्यांनी बाइंडरचं स्टूल न विचारता ओढलं आणि बसल्या. ते कोर्टाचे कच्चे कागद होते. साक्षीदार बोलत असताना कारकून भराभर खरडायचा तो कागद. पक्की प्रत नमुन्याप्रमाणे झाली की हा कच्चा त्या काळच्या बाइंडरकडे जायचा, पुठ्ठ्याला. म्हणजे खरं बोलणं बाडांत नव्हतंच, त्यांच्या पुठ्ठ्यांत होतं.

तिसऱ्या थरात मासेवाली सापडली. तीच तारीख, तोच पाववाला. वहिनी भिंग लावून एकेक शब्द सांगू लागल्या.

"'काल पण बादली. परवा पण बादली. माझ्या दारात. आणि वर... वर तोंड करून विचारतोस, कुठली बादली?'"

"मग शिवी?"

"शिवी नाहीच. एवढंच आहे. पुढं कारकुनानं लिहिलंय, 'नमुना सात.'"

बाइंडरच्या नाकातून फर्रकन हवा गेली. वहिनींच्या तोंडाची एक बाजू हलली. मग दोघांनाही आठवलं आपण कोण आहोत, आणि दोघंही कागदाकडे बघू लागले.

वहिनींनी त्याच संध्याकाळी छापखान्याला फोन करून पुस्तक थांबवलं. बारा वर्षांचं काम, आवाजही चढवला नाही. दादा सांगतो, घरी येऊन त्यांनी चौकट उतरवली आणि न जेवता झोपल्या, आणि त्याला आभाळाबद्दल एक शब्द बोलू दिला नाही. शनिवारी बाइंडरनंही साहेबांना लिहून दिलं, पट्ट्या जाळल्या नव्हत्या, मी खोटं बोललो होतो. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली, आणि ती त्याच्या फायलीत जायला हवी म्हणून साहेबांच्या मागे कोण लागलं असेल ते तुम्हीच ओळखा.

सोमवारी कमिटीपुढं वहिनींनी आपलाच अहवाल मागे घेतला. एकशेचाळीस बाडं म्हणजे दोनशेऐंशी पुठ्ठे. फोटोचं मशीन पुठ्ठ्याच्या आत बघत नाही, त्याला हात लागतो, आणि तसा हात इथं एकच आहे, असं त्यांनी लिहिलं. "दुर्दैवाने एकच", असं. दुरुस्तीची खोली सहा वर्षं चालू ठेवावी. शेवटी एक अट घातली. कटिंग मशीन त्या खोलीतून त्वरित हलवावं.

चार हमाल येऊन मशीन घेऊन गेले. जिथं ते उभं होतं तिथं फरशी वेगळ्याच रंगाची निघाली. त्या जागेवर दुसऱ्या दिवशी वहिनींचं टेबल आलं, कारण ओले कागद वर जाऊ शकत नाहीत. बाइंडरनं लेखी हरकत घेतली. ती फेटाळली गेली.

त्या शुक्रवारची पिवळी चिठ्ठी दप्तरखान्याच्या फायलीत व्यवस्थित लावलेली आहे. पुढून, "बाड क्रमांक चौऱ्याण्णवच्या पुठ्ठ्याचे सर्व थर सोडवावेत. आजच." मागून, "सोडवले आहेत. एक फाटला." दोन सह्या. वाचणाऱ्याला वाटेल, काय समजूतदार माणसं!

"भावजी, खळीचा वास येतोय."

"बाइंडरच्या खोलीत अत्तराचा येईल का? दिवा सरकवा इकडे."

"मला दिसत नाही मग."

"मग तुमचं डोकं सरकवा. कागदावर सावली पडतेय त्याची, केवढी तरी."

वहिनींनी दिवा सरकवला. चार बोटं, जास्त नाही.